श्वासाची बारनिशी

नांदेडच्या गोवर्धन घाटाच्या एका सपाट टप्प्यावर, रथसप्तमीच्या पहाटे, गोदावरीच्या पाण्यावरून येणारा गारवा अंगाला झोंबत असताना आणि पलीकडच्या तीरावरील झाडे अद्याप अंधारातून पुरती सुटली नसताना, एकशे आठ सूर्यनमस्कारांचा संकल्प केलेला एक मध्यमवयीन कारकून मोठ्याने आकडे म्हणत, धापा टाकीत, घामाघूम होत होता, आणि त्रेसष्ट झाले की चौसष्ट, या शंकेने तो मध्येच थबकला तेव्हा, वरच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसलेल्या, एके काळी तालमीत वस्तादकी केलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्याला विचारले, “कारकूनसाहेब, नमस्कार घालायलाव का पोती मोजायलाव?” तो कारकून म्हणजे प्रस्तुत लेखक.

प्रश्न थट्टेचा होता, पण त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. दंड ताठले, मनगटे दुखावली, आकडा मात्र पुरा झाला, असा त्या सकाळचा ताळेबंद होता. आणि ज्या सूर्यासाठी हा सारा खटाटोप, तो नदीवर केव्हा उगवला हे मी पाहिलेच नव्हते. पुढे पुष्कळ दिवसांनी त्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते घाटावर नव्हे, किंवा कोणा योगाचार्यांच्या शिबिरातही नव्हे, तर ज्या कचेरीत माझी उमेदीची वर्षे गेली तेथील बारनिशीच्या टेबलावर.

बारनिशी म्हणजे आवक-जावक. टपालाने, हस्ते किंवा वरिष्ठ कचेरीकडून येणारा प्रत्येक कागद प्रथम या टेबलावर येतो. त्यावर तारीख पडते, अनुक्रमांक पडतो, विषयाची एक ओळ वहीत उतरते आणि कागद ज्याच्या त्याच्या टेबलाकडे रवाना होतो. मी नवा असताना आलेले अर्ज वाचीत बसत असे. भावाभावांतील बांधाची तक्रार, विहिरीच्या हिश्श्याची कैफियत, कोणा म्हातारीचा पेन्शनीचा तगादा, असे एकेक प्रकरण मोठे मनोवेधक असावयाचे, आणि मी त्यात रंगून जाईपर्यंत उजव्या हाताला कागदांचा ढीग छातीपर्यंत चढावयाचा. अव्वल कारकुनांनी एके दिवशी जवळ येऊन दोनच शब्द सांगितले: वाचू नका, नोंदवा. ध्यानाविषयी यापेक्षा थोडक्यात सांगितलेले आणि यापेक्षा उपयोगी असे काही मी आजवर ऐकलेले नाही. आणि योगासनांचा अभ्यास हे चालते-फिरते ध्यान कसे होऊ शकते, एवढेच या लेखात त्या दोन शब्दांच्या आधाराने सांगावयाचे आहे.

परंपरेचा दाखला

ध्यान म्हटले की डोळे मिटून निश्चल बसणे, आणि आसन म्हटले की अंगमेहनत, अशी एक वाटणी आपल्या मनात पक्की झालेली असते. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाला अवघी तीन सूत्रे मिळाली आहेत, आणि त्यांचा मथितार्थ असा की, आसन स्थिर असावे, सुखकर असावे आणि ते प्रयत्नाचा ताण सैल सोडल्याने साधावे. स्नायू किती ताणावा याची चर्चा तेथे नाही. ताण कोठे सोडावा याची आहे. चित्त एका ठिकाणी बांधणे ती धारणा आणि तीच वृत्ती अखंड वाहू लागली की ते ध्यान, हा क्रम पुढे येतो; त्या अखंडतेला जुन्या आचार्यांनी तेलाच्या धारेची उपमा दिली आहे. करडईचे तेल एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना ज्यांनी पाहिले आहे, त्या आपल्या मुलखातील माणसांना या उपमेचा निराळा अर्थ सांगावा लागत नाही. पाण्याची धार तुटते, थेंब उडतात, आवाज होतो. तेल मात्र वाहत असूनही जागच्या जागी उभे असल्यासारखे दिसते. हालचाल आहे आणि तरी स्थैर्य आहे, हेच आपल्याला साधावयाचे आहे.

सूर्यनमस्काराविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सूर्योपासना प्राचीन आहे, परंतु आज आपण घालतो ती आसनांची सलग साखळी हठप्रदीपिकेसारख्या जुन्या ग्रंथात आढळत नाही. तिला घराघरांत आणि शाळाशाळांत नेण्याचे मोठे श्रेय साताऱ्याकडील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालून, पुस्तक लिहून आणि संस्थानातील शाळांत ते सुरू करून या व्यायामाचा प्रसार केला, आणि 1938 साली त्यांच्या पद्धतीचे इंग्रजी पुस्तक परदेशातही पोहोचले. औंधच्या पद्धतीत दहा अवस्था होत्या. आज सर्वत्र रूढ आहेत त्या बारा. त्याच सुमारास, 1924 साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची शास्त्रीय उपकरणांनी तपासणी आरंभिली. आणि 1937 साली पुण्यास आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनातील बोटाबोटाच्या ठेवणीकडे लक्ष द्यावयास शिकविले. तात्पर्य, चालत्या ध्यानाची सामग्री महाराष्ट्रात गेली शंभर वर्षे सिद्ध आहे. उलटपक्षी, हठप्रदीपिकेवरील ‘ज्योत्स्ना’ या टीकेत ब्रह्मानंदांनी फाजील संख्येने घातलेल्या नमस्कारांना शरीराला क्लेश देणाऱ्या गोष्टींत जमा केले आहे. घाटावरच्या त्या वस्तादांनी ती टीका वाचली असण्याचा संभव नाही, पण अभिप्राय मात्र दोघांचा एकच पडला.

आणि मराठवाड्याला तर ही गोष्ट परकी मुळीच नाही. लातूर, उदगीर, अहमदपूर या भागातील कित्येक लिंगायत घरांत डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून त्यावर दृष्टी स्थिर करण्याची वहिवाट आहे. ते बैठे ध्यान. आणि नामदेवरायांची नर्सी ज्या मुलखात आहे त्याच मुलखातून आषाढीला निघणाऱ्या दिंड्यांत टाळाच्या ठेक्यावर पुढे-मागे पडणारी पावली, ते चालते ध्यान. पावली खेळणारा वारकरी पाय मोजीत नाही. टाळ त्याला पाऊल देतो आणि तो ते उचलतो. आसनाभ्यासात टाळाच्या जागी श्वास ठेवावयाचा, एवढाच काय तो फरक.

जागा, वेळ आणि ऋतू

अभ्यासाला फार साहित्य लागत नाही. घरातील शहाबादी फरशीवर अंथरलेली सुती सतरंजी पुरेशी आहे. ती सरकत असल्यास तिची दोन्ही टोके ओलसर हाताने दाबून बसवावीत किंवा खाली जाड घोंगडी घालावी, कारण पाय घसरेल ही धास्ती मनात असेल तर लक्ष श्वासाकडे राहणार नाही. हिवाळ्यात उघड्या फरशीवर पालथे पडू नये. गारठलेला स्नायू लवकर दुखावतो. पोट रिकामे असावे, म्हणजे जेवणानंतर किमान तीन-चार तास आणि चहानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. कपडे सैल असावेत आणि घड्याळ, अंगठी, मोबाइल ही तिन्ही दुसऱ्या खोलीत असावीत.

वेळेच्या बाबतीत आपल्या हवामानाचा हुकूम मानावा लागतो. वैशाखात नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि गोदेच्या खोऱ्यातील नांदेडला तर रात्रीदेखील भिंती तापलेल्या असतात. तेव्हा सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो त्याआधी अभ्यास उरकावा, संख्या निम्मी करावी, आणि शेवटी थोडे थांबून तांब्याभर पाणी घोट घोट प्यावे. बालाघाटच्या पठारावरील लातुरात उन्हाळ्यातील पहाट त्यामानाने सौम्य असते. पौषात मात्र सूर्योदयाला पावणेसात वाजून जातात, सांधे आखडलेले असतात, आणि म्हणून प्रारंभी पाच मिनिटे नुसते चालावे, खांदे-मनगटे-घोटे फिरवावेत आणि मगच वाकण्याला हात घालावा.

ब्राह्ममुहूर्ताचा आग्रह धरू नये, हे मी विशेषतः औसा-निलंगा भागातील वाचकांना सांगू इच्छितो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. आणि त्या रात्रीतून वाचलेल्या पिढीत असे कित्येक लोक आहेत, की ज्यांना पहाटेच्या अंधारात डोळे मिटून स्तब्ध राहणे आजही सोसवत नाही. अशांनी उजाडल्यावर, दार उघडे ठेवून, डोळे उघडे ठेवून अभ्यास करावा. नजर चार-पाच हातांवर जमिनीला टेकलेली असली म्हणजे पुरे. हालचालीतील ध्यानाचा मोठा गुण हाच आहे, की ज्याला गप्प बसवत नाही त्यालाही ते आपल्या पंगतीला घेते.

पहिला आठवडा: एकच हालचाल

नमस्कारांना एकदम हात घालू नये. पहिला आठवडा एकाच हालचालीला द्यावा आणि ती अशी: दोन्ही पाय जुळवून किंवा वीतभर अंतर ठेवून उभे राहावे, हात मोकळे सोडावेत, तळपायाचा कोणता भाग जमिनीला अधिक दाबतो आहे याची नोंद घ्यावी, आणि तीन श्वास नुसते येऊ-जाऊ द्यावेत. त्यानंतर श्वास सुरू होऊ द्यावा आणि तो सुरू झाल्यावर हात समोरून वर उचलू लागावे. श्वास पुरा होण्याआधी हात वर पोहोचलेले असावेत. उच्छ्वास सुरू झाला की हात खाली येऊ लागावेत आणि उच्छ्वास संपण्यापूर्वी ते मांड्यांपाशी आलेले असावेत. म्हणजे प्रत्येक वेळी श्वास किंचित आधी निघतो आणि किंचित नंतर थांबतो. हालचाल त्याच्या मुदतीत सुरू होऊन त्याच्या मुदतीतच संपते. हुकूम श्वासाचा, अंमल देहाचा. हे पहिल्या दिवशी अवघड वाटते, कारण आपले हात जन्मभर घाईने वर जात आलेले असतात आणि श्वास त्यांच्यामागून फरफटत येत असतो.

अशी बारा उचलणी सकाळी आणि बारा सायंकाळी, एवढाच पहिल्या आठवड्याचा अभ्यास.

याची गती कशी असावी हे मी लातूरच्या एका नातेवाईकाच्या घरी पाहून शिकलो. 2016 च्या एप्रिलमध्ये, मांजरा धरण कोरडे पडून मिरजेहून रेल्वेने लातुरास पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यातील ती गोष्ट. माझ्या चुलत वहिनी टँकरवरून आणलेल्या हंड्यातील पाणी घागरीत ओतीत होत्या. एक हात हंड्याच्या काठाला, दुसरा बुडाला. हंडा कलत होता तो इतका सावकाश की पाण्याच्या धारेची जाडी आरंभापासून अखेरपर्यंत बदलली नाही, आणि घागर भरत आली तसा घागरीतील आवाज चढत गेला तो ऐकून, आत न डोकावता, त्यांनी नेमक्या क्षणी हंडा सरळ केला. जमिनीवर थेंब पडला नाही. त्या वेळी वहिनींशी बोलावयास गेलो तर त्यांनी मानेनेच ‘थांबा भाऊजी’ असे खुणावले. श्वास असा ओतावा. त्याला लांबविण्यासाठी छाती फुगवावयाची नाही, शेवटी तो एकदम सोडून द्यावयाचाही नाही. आरंभीची आणि अखेरीची धार सारखी ठेवावयाची. उच्छ्वास सावकाश झाला म्हणजे हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि शरीराला विसाव्याचा इशारा मिळतो. या अभ्यासाने येणारी शांतता काही अंशी येथूनच येते.

बारा अवस्था, बारा नोंदी

दुसऱ्या आठवड्यापासून सूर्यनमस्कार घ्यावा. सतरंजीच्या पुढच्या टोकाशी, पूर्वेकडे तोंड करून, हात छातीशी जोडून उभे राहावे. ही पहिली अवस्था, आणि येथे उच्छ्वास पुरा करावा. श्वास घेत हात वर व किंचित मागे न्यावेत, ही दुसरी. कंबर मोडू नये, छाती उघडावी. उच्छ्वासासह पुढे वाकून तळवे पावलांच्या बाजूला टेकावेत, ही तिसरी. टेकत नसल्यास गुडघे वाकवावेत, त्यात कमीपणा नाही. श्वास घेत उजवा पाय मागे न्यावा, गुडघा टेकावा, दृष्टी समोर, ही चौथी. उच्छ्वासासह डावा पायही मागे नेऊन बैठक उंच उचलावी, म्हणजे अंगाचा पर्वत होतो, ही पाचवी. त्याच उच्छ्वासाच्या अखेरीस, नवा श्वास न घेता, गुडघे, छाती आणि कपाळ टेकवून साष्टांग व्हावे, ही सहावी. श्वास घेत छाती पुढे सरकवून भुजंगाप्रमाणे वर उचलावी, ही सातवी. उच्छ्वासासह पुन्हा पर्वत, ही आठवी. श्वासासह उजवा पाय दोन्ही तळव्यांमध्ये आणावा, ही नववी. उच्छ्वासासह डावा पाय आणून वाकलेल्या स्थितीत यावे, ही दहावी. श्वास घेत वर उठून हात वर, ही अकरावी. आणि उच्छ्वासासह हात पुन्हा छातीशी, ही बारावी. पुढच्या नमस्कारात डाव्या पायाने आरंभ करावा, म्हणजे दोन मिळून एक जोडी होते.

प्रत्येक अवस्थेला सुमारे पाच सेकंद दिले तर एक नमस्कार मिनिटाचा होतो. निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटात साधारणपणे बारा ते वीस वेळा श्वास घेतो. येथे तो सहाच्या आसपास येतो. परंतु हा आकडा गाठण्यासाठी श्वास ओढूनताणून लांबवू नये. धाप लागली, तर ती आपण मुदतीबाहेर काम केल्याची नोटीस समजावी, दोन साधे श्वास अधिक घ्यावेत आणि मग पुढे जावे. ज्यांना मंत्र म्हणावयाचे असतील त्यांनी मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सविता, अर्क, भास्कर या बारा नावांपैकी एकेक नाव प्रत्येक नमस्काराच्या आरंभी मनात घ्यावे. बारा नावे संपली की बारा नमस्कार झाले, निराळी गणती लागत नाही. मोजणी ज्यांच्या हाडीमासी मुरलेली आहे अशा आम्हां कारकुनांना या योजनेचा मोठा आधार वाटतो.

आता मुद्द्याची गोष्ट. शिकणारा मनुष्य बारा अवस्थांकडे लक्ष देतो, आणि त्यांच्यामधले अकरा सांधे नजरेआड करतो. छायाचित्रात दिसते ती अवस्था. ध्यान घडते ते सांध्यात. तिसरीतून चौथीत जाताना, पाय मागे टाकण्याच्या क्षणी, दहांतील नऊ जणांचा श्वास नकळत अडकतो, जबडा आवळला जातो आणि पाय धप्पकन पडतो. येथे थांबून पाहावे: पाय उचलला गेला केव्हा, वजन हातांवर आले केव्हा, पायाचे बोट जमिनीला लागले केव्हा. पाऊल आवाज न होता टेकले, तर सांधा साधला असे समजावे. कान हा येथे सर्वांत भरवशाचा परीक्षक आहे. सहावीतून सातवीत जाताना हातांनी अंग रेटू नये. कोपरे बरगड्यांशी ठेवून, आधी हनुवटी, मग छाती, असे एकेका मणक्याने वर यावे. नवव्या अवस्थेत पुष्कळांचा पाय तळव्यांपर्यंत पोहोचत नाही, मध्येच अडतो. तो हाताने धरून पुढे आणावा आणि ‘पाय अडला’ एवढी नोंद करून पुढे चालावे. आणि दहावीतून अकरावीत उठताना गुडघे किंचित सैल ठेवून, डोके सर्वांत शेवटी वर आणावे, म्हणजे घेरी येत नाही.

मन भरकटते तेव्हा

मन भरकटणार, हे गृहीतच धरावे. तिसऱ्या नमस्काराला मुलाच्या फीची आठवण होईल, पाचव्याला शेजाऱ्याचे बोलणे, सातव्याला सोयाबीनचा भाव. नवशिक्याला वाटते की हे विचार येणे म्हणजे अभ्यास बिघडला, आणि तो त्यांच्याशी झगडू लागतो. हा झगडा म्हणजेच कागद उघडून वाचीत बसणे होय. बारनिशीच्या टेबलावर कागद येऊ नयेत असा हुकूम कोणी काढू शकत नाही. विचार आला की मनात त्याची एक शब्दाची नोंद करावी: ‘फी’, ‘राग’, ‘भाव’. आणि तो आपापल्या टेबलाकडे रवाना करावा. फीचा निकाल दहा वाजता कचेरीच्या वेळेत लागेल, पर्वतासनात तो लागणार नाही. पुढची आवक, म्हणजे पुढचा श्वास, दाराशी उभा असतो.

काही सकाळी साऱ्या अभ्यासात एकच नोंद वेळेवर होते. तेवढी झाली तरी तो दिवस खर्ची पडला असे मानू नये; नोंद चुकली हे ज्या क्षणी ध्यानात येते, तो क्षणही एक नोंदच असतो.

नमस्कार आटोपल्यावर पाच मिनिटे उताणे पडून शवासन करावे, आणि ते टाळू नये. हालचाल थांबल्यानंतरही आत काय काय चालू आहे, ठोके कसे उतरतात, घाम कोठे सुकतो, हे तेथे आयतेच दिसते. चालत्या ध्यानातून बैठ्या ध्यानाकडे जाणारा दरवाजा हाच आहे. ज्याला पुढे जावयाचे असेल त्याने शवासनानंतर दहा मिनिटे मांडी घालून बसावे.

ज्याचे त्याचे माप

एकच माप सर्वांना लावता येत नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या, म्हणजे लातूरच्या परीक्षा-तयारीच्या पद्धतीच्या, आकर्षणाने घर सोडून शहरात राहिलेल्या विद्यार्थ्यांचा दिवस खुर्चीत जातो, त्यांनी दर तासाभराने उठून वर सांगितलेली हातांची उचलणी पाच वेळा करावी आणि सकाळी सहा नमस्कार घालावेत. रात्री पुस्तक मिटल्यावर मोबाइल उघडण्याआधी पाच मिनिटे शवासनाला द्यावीत. परीक्षेच्या दिवसांत हे सोडून देण्याचा मोह होतो, आणि नेमकी त्याच दिवसांत त्याची गरज सर्वांत अधिक असते.

उलट, जो दिवसभर तुरी कापतो किंवा सोयाबीन उपटतो, त्याच्या अंगाला आणखी वाकण्याची गरज नाही. त्याने संध्याकाळी पाय धुऊन, पाठ जमिनीला टेकून, गुडघे उभे करून पडावे, आणि श्वासाबरोबर हात डोक्याकडे, उच्छ्वासाबरोबर पुन्हा बाजूला, अशी उचलणी पडल्या पडल्या करावी. कष्टाचे काम आणि योग यांत हालचालीचा फरक थोडा आहे, लक्षाचा फार आहे. विळा चालविताना श्वास कोठे अडकतो एवढे ज्याने पाहिले, त्याचा अभ्यास शेतातच सुरू झाला.

वृद्धांनी हात नसलेल्या भक्कम खुर्चीवर बसून हीच साखळी करावी: हात वर, मग मांड्यांवर वाकणे, मग पाठ सरळ, मग एक पाय उचलून पुन्हा खाली, मग दुसरा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, मणक्याची सरकलेली चकती, हर्निया किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास, तसेच गरोदरपणी, डॉक्टरांच्या संमतीवाचून आरंभ करू नये. काचबिंदू आणि रक्तदाब असलेल्यांनी डोके खाली जाणाऱ्या अवस्था वगळाव्यात आणि श्वास कोणीही बळाने रोखू नये. चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. अभ्यासात छातीत दुखले, भोवळ आली किंवा हातापायांत मुंग्या आल्या, तर तो दिवस तेथेच तहकूब करावा. चार-दोन आठवडे जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली काढता आले तर उत्तम, कारण आपले खांदे कानाला भिडले आहेत हे आपल्याला स्वतःला दिसत नाही.

समुदायात करावे की एकट्याने, असे पुष्कळदा विचारले जाते. 21 जून 2019 रोजी आंतरराष्ट्रीय योगदिनाचा राज्यस्तरीय कार्यक्रम नांदेडला झाला, मुख्यमंत्री आणि रामदेवबाबा उपस्थित होते आणि प्रचंड समुदाय एका वेळी आसने करीत होता. अशा मेळ्याने उत्साह येतो, संकोच जातो, शेजाऱ्याकडे पाहून पाय उचलावयाचे धैर्य येते. परंतु ध्वनिक्षेपकावरचा आकडा हजारोंसाठी एक असतो, आणि श्वास ज्याचा त्याचा निराळा. म्हणून प्रारंभ समुदायात झाला तरी रोजचा अभ्यास आपल्या सतरंजीवर, आपल्या मुदतीने व्हावा, हे बरे.

मी आता बारा घालतो. गुडघे कुरकुरतात त्या दिवशी सहा. वस्ताद पुढे पुष्कळ वर्षे घाटावर भेटत राहिले, परंतु किती झाले हे त्यांनी मला कधी विचारले नाही. खजिन्याच्या वहीला पानाखाली बेरीज असते, जमाबंदीला असते, पोत्यांच्या वहीलाही असते. बारनिशीच्या वहीला नसते. तेथे आलेल्या प्रत्येक कागदाला त्याचा स्वतःचा क्रमांक मिळतो, संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली एक आडवी रेघ ओढली जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रेघेखाली पुढची नोंद सुरू होते.